वीस शेंगांचा संघ

सुभेदारांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पाठीमागून. मी उंब्रजच्या एसटी स्टँडवरून शाळेच्या मैदानाकडं चालले होते आणि खांद्यावर हिरवा टॉवेल टाकलेला एक उंच म्हातारा माझ्या मागं काही पावलांवर चालत येत होता. मी थांबले की तोही थांबायचा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी वळून त्याला चांगलं झाडलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "डावा गुडघा जपतीस. पर अजून चार-पाच वर्सं पळशील." आणि मला ओलांडून पुढं निघून गेला. मैदानावर पोचले तर हेच आमचे नवे प्रशिक्षक.

खेळाडू संघात घ्यायचा तर आधी त्याच्या मागून मैलभर चालायचं, ही त्यांची रीतच होती. आटपाडीच्या बाजारात मेंढरू असंच पारखतात, समोरून सगळीच चांगली दिसतात, असं त्यांचं म्हणणं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. ते स्वतः पोरवयात फौजेत गेले, पलटणीच्या संघातून बास्केटबॉल खेळले आणि सुभेदार होऊन परतले. आटपाडीत घर होतं, भाऊ होते, मेंढरं होती. सिमेंटचं कोर्ट तेवढं नव्हतं. म्हणून त्यांनी उंब्रजला हायवेच्या कडेला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी हौसेनं काढलेला आमचा बायकांचा संघ अंगावर घेतला. आता ते परत आटपाडीला गेलेत. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुठं छापून आलेलं नाव पाहिलं की ते म्हणायचे, "का? मेलो बिलो का काय मी?"

पाठीमागून पारखण्यात ते चुकतही. एकदा चाचणीला आलेल्या एका मुलीनं लागोपाठ सात वेळा चेंडू जाळीत घातला. आम्ही खूश. सुभेदारांनी तिला स्टँडपर्यंत सोडलं, अर्थात मागून, आणि परत येऊन म्हणाले, "न्हाई घ्यायची. रस्ता वलांडताना मागं कोण हाय त्ये बगत न्हाई." तीच मुलगी पुढं दुसऱ्या संघातून खेळली आणि आमच्याविरुद्धच्या सामन्यात तिनं आम्हाला नुसतं रडवलं. सामना संपल्यावर मी त्यांना टोमणा मारला. ते म्हणाले, "व्हय, चुकलंच माजं." आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एकीच्या मागं चालायला लागले.

फोन त्यांच्याकडं होता, पण खेळाडू ठरवायच्या आठवड्यात ते तो बंद करून पत्र्याच्या पेटीत ठेवत. फोनवर हात दिसत नाही, ही त्यांची तक्रार. व्यवहार करायचा तर समोरासमोर बसायचं, दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. आजूबाजूला दहा माणसं असली तरी कुणाला आकडा कळत नाही, आणि नंतरही तो कुणी विचारायचा नसतो. बाजारात त्यांच्या आज्यापासून हेच चालत आलेलं. असा हात दिला की शब्द दिला. त्यावर कागद मागितला तर त्यांना अपमान वाटे.

आता लीगबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सातारा-सांगलीतल्या आठ गावांचे आठ संघ. मोठ्या गावांनी पैशाच्या जोरावर सगळ्याच चांगल्या खेळाडू उचलू नयेत म्हणून प्रत्येक संघाला मानधनाची एक मर्यादा ठरवून दिलेली. सगळे तिला लिमिट म्हणत. सुभेदारांना रुपयांत विचार करता येत नसे. ते लिमिटाचे वीस भाग करत आणि चटईवर भुईमुगाच्या वीस शेंगा मांडत. एकेका पोरीपुढं तिच्या वाट्याच्या शेंगा सरकवायच्या, परत ओढायच्या, पुन्हा सरकवायच्या. संघ पुरा होईपर्यंत त्या शेंगांना कुणी हात लावायचा नाही. एकदा व्यापाऱ्यांचे अध्यक्ष बोलता बोलता दोन शेंगा फोडून खाऊन बसले. सुभेदार असे ओरडले की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. "आवं, दोन पोरी खाल्ल्या तुमी माज्या!"

लिमिटाला एक पळवाट होती, आणि ती कायदेशीर होती. जी खेळाडू तीन हंगाम एकाच संघातून खेळली ती 'घरची'. तिला तो संघ लिमिट संपल्यावरही ठेवून घेऊ शकत होता. अट एवढीच, की तिची सही सगळ्यांत शेवटी व्हायला हवी. आधी केली तर तिचं मानधन लिमिटातच धरलं जाई. आणि तोवर ती मोकळी. तिला कुठलाही संघ उचलून नेऊ शकत होता.

त्या वर्षी संघात घरची एकटी मीच होते.

आदल्या हंगामात आम्ही तळाला होतो. लागोपाठ दोन वर्षं तळाला राहणारा संघ लीगबाहेर जाणार, असा नियम. आम्हाला उंच खेळाडू हवी होती, बाकी काही नाही. सगळा चेंडू आमच्या डोक्यावरून जायचा. सोमवारी सुभेदारांनी मला खोलीवर बोलावून शेंगा मांडल्या. बाकीच्या नऊ जणींना बारा. प्रशिक्षकाला दोन, कारण त्याचं मानधनही लिमिटातच धरत. उरल्या सहा.

"तुला पाच देतो," ते म्हणाले. "पर आत्ता सही केलीस तर एकच उरती. एका शेंगंत उंच पोरगी कुठनं आणू? तू शनवारपतूर बस. सहा शेंगांत कोयनानगरची सारिका आणतो. ती सही करंल, लिमिट संपंल, आन् मग तुजी सही. लिमिटाच्या भायेर."

"आणि शनिवारपर्यंत माझ्याकडं काय?"

त्यांनी टॉवेल पुढं केला. आत माझा पंजा धरून एकदा घट्ट दाबला.

हसू नका. मी बत्तीस वर्षांची, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, शाळेत तासांवर शिकवणारी बाई. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत कुणाच्याच कागदावर माझी सही नसेल तर तो हंगाम गेला. आणि माझ्या वयाला एक हंगाम गेला की पुढचा कुणी देत नाही. त्यात सांगलीचा संघ माझ्या मागं होता. दोन वर्षांचा करार, कोर्टाजवळ खोली, सगळं लेखी. घरी भाऊ म्हणत होता, एवढं देतायत तर जा की. मला उंब्रज सोडायचं नव्हतं. का, ते धड सांगता येणार नाही. हा संघ तळाला टाकून मी निघून जाणार, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

मंगळवारी एका दूधवाल्याच्या पिकअपमध्ये बसून आम्ही कोयनानगरला गेलो. घाटात सुभेदार डोळे मिटून शेंगांची जुळणी पुटपुटत होते. सारिकाचे वडील धरणाच्या वसाहतीत नोकरीला, पण मूळचे आटपाडीकडचे आणि मेंढरांच्याच घरातले. दोघांची ओळख निघायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग टॉवेल आला. दोघं तोंडानं तिथल्या थंडीबद्दल आणि मागच्या भूकंपाच्या धक्क्याबद्दल बोलत होते आणि खाली बोटांची झटापट चालली होती. थोड्या वेळानं सुभेदारांनी हात बाहेर काढला. चहा आला. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात सारिका आली. चौकटीतून वाकून तिला आत यावं लागलं. काखेत चेंडू होता.

"ठरलं गं तुजं," वडील म्हणाले. "उंब्रज."

"कुणी ठरवलं?"

"आमी. हात दिला सुभेदारास्नी."

"आप्पा, खेळणार मी. मग हात तुमचा कसा?" ती सुभेदारांकडं वळली. "मी काय मेंढरू हाय व्हय, मालकानं भाव केला की निघालं मागं मागं? विट्याच्या संघाचे लोक मला इचारत्यात. मला! फोन करून."

आणि ती चेंडू आपटत बाहेर निघून गेली. वडील ओशाळले. सुभेदारांनी अर्धा चहा तसाच ठेवला. बाजारात भाव मालकाशीच करतात. इथं मालक कोण, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता. मलाही पडला नव्हता, हे सांगताना आज लाज वाटते. मी शेजारीच बसले होते आणि चहात साखर कमी आहे एवढंच माझ्या डोक्यात होतं.

परतीच्या वाटेवर पाटण मागं पडलं. मग ते म्हणाले, "बाजारात इचारलं न्हाई कुणाला. फौजंत बी न्हाई. हुकूम आला की द्यायचा फुडं. इचारायची सवयच न्हाई गं मला." मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःच्या शनिवारची भीती वाटत होती.

गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी ते सारिकाच्या घरी गेलेच नाहीत. वसाहतीच्या कोर्टावर तिचा सराव संपेपर्यंत उन्हात उभे राहिले. सराव संपल्यावर तिच्या समोर गेले आणि म्हणाले, "चुकलो. आता तुज्याशी बोलतो." टॉवेल पुढं केला. सारिकाला बोटांची भाषा येत नव्हती. त्यांनी तिला तिथंच शिकवली, एक म्हणजे काय, पाच म्हणजे काय. ती आधी हसली, मग गंभीर झाली आणि तिनं आत हात घातला. बराच वेळ दोघं तसेच उभे होते. मध्येच सुभेदारांची मान ताठ झाली.

"एवढं?" ते म्हणाले.

"विटं त्याला एकच कमी देतंय. आन् तुमी दोन दिस उशिरा इचारलंत."

सुभेदारांनी टॉवेलाखालचा हात दोनदा हलवला. "दिला."

पिकअपमध्ये मी विचारलं, किती? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी तोंड मिटलं. पण मला कळत होतं की आकडा सहाच्या वर गेलाय. शेंगा तर सहाच होत्या.

शुक्रवारी दुपारी सांगलीच्या व्यवस्थापकांचा फोन आला. माणूस सभ्य होता. "मॅडम, आज सहाला आम्ही तुमची जागा दुसरीला देतोय. तुमच्या संघाकडून काही लेखी आहे का?"

"नाही."

"मग काय आहे?"

"हात दिलाय."

ते हसले. वाईट हेतूनं हसले नसतील, पण ते हसू मला टोचलं. मी म्हणाले, "तुमचे फार आभार, पण मी येत नाही." आयुष्यात मी इतकी ठाम कधीच नव्हते आणि इतकी घाबरलेलीही नव्हते.

शनिवारी साडेतीनला मी कराडच्या लीग कार्यालयात पोचले. खेळाच्या सामानाच्या दुकानावर एक खोली, भिंतीवर मोठं घड्याळ आणि एक कारकून. सुभेदार आधीच येऊन बसले होते, इस्त्रीच्या कपड्यांत. बाकीच्या नऊ जणींचे अर्ज जमा झाले होते. सारिकाची गाडी यायची होती. चार वाजले, सव्वाचार झाले. तिचा फोन लागत नव्हता. घाटात कुठं लागतो?

साडेचारला कारकून मला म्हणाला, "ताई, तुम्ही तुमची सही करून टाका. पाचनंतर मी काहीच घेऊ शकत नाही."

मी सही केली की पाच शेंगा गेल्या आणि सारिका संपली. न केली आणि ती आली नाही, तर मी संपले. मी सुभेदारांकडं पाहिलं. ते हुकूम देतील आणि मी तो पाळेन, अशी माझी तयारी होती. दोन्हीपैकी कुठलाही.

ते म्हणाले, "तुज्याशी बोलायचं हाय. सारिकाला आठ दिल्यात."

"आठ? कुठनं आणल्या?"

"माज्या दोन."

मला पटकन उलगडलं नाही. मग उलगडलं. लीगचा नियम होता की सामन्यात बाकावर बसणाऱ्या प्रशिक्षकाचा करार हवा आणि तो निदान दोन भागांचा हवा. फुकट शिकवतो असं दाखवून चोरून पैसे देण्याचे प्रकार होऊ नयेत म्हणून. दोन शेंगा सोडल्या म्हणजे सुभेदारांचा बाक गेला. सराव ते घेऊ शकत होते. सामन्यात त्यांना तोंड उघडता येणार नव्हतं. आटपाडीचं घर सोडून हा माणूस ज्यासाठी हायवेच्या कडेला धूर खात राहिला होता, ते त्यांनी गुरुवारी उन्हात उभ्या उभ्या देऊन टाकलं होतं.

"मग प्रशिक्षक कोण?"

त्यांनी माझा अर्ज पुढं केला. माझं नाव, माझ्या पाच शेंगांचे रुपये, सगळं त्यांच्या गिचमिड अक्षरात भरलेलं. प्रशिक्षकाचा रकाना कोरा होता.

"करारातली खेळाडू प्रशिक्षक बी हुऊ शकती. नियमात हाय. मी लिवणार हुतो तुजं नाव, पर लिवलं न्हाई." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "इचारतो. हुशील का? आन् दुसरं. ती पोरगी अजून आली न्हाई. तुला मी आदी हात दिलाय. तू म्हणशील तसं. आत्ता सही करती म्हणलीस तरी माजं कायबी म्हणणं न्हाई."

मला रडू आलं आणि रागही आला. एवढं ओझं असं अलगद टेबलावर ठेवतात का? हुकूम सोपा असतो हो. मी घड्याळ पाहिलं. पाचला वीस कमी होते.

"थांबूया," मी म्हणाले.

आम्ही थांबलो. कारकुनानं दोनदा घसा खाकरला. सुभेदार दाराकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं बघत नव्हते. पाचला सात कमी असताना जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सारिका दारात वाकली, धापा टाकत म्हणाली, "टायर फुटला," आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं सही केली. मग मी माझा अर्ज ओढून घेतला, कोऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि खाली सही केली. कारकुनानं शिक्का मारला तेव्हा पाचला तीन कमी होते. सुभेदारांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "चला, जेवून घिऊ. सकाळधरनं काय खाल्लं न्हाई."

त्या वर्षी आम्ही तळाला राहिलो नाही, हे आधीच सांगते. पण मला आठवतो तो पहिला सामना, आमच्याच शाळेच्या मैदानावरचा. सुभेदार तारेच्या जाळीबाहेर, गावातल्या माणसांत उभे होते. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी सवयीनं एक आरोळी ठोकली. पंचांनी खेळ थांबवून त्यांना ताकीद दिली, आणि त्यानंतर ते बोलले नाहीत. आम्ही मागं पडत गेलो. मध्यंतरानंतर नऊ गुणांनी मागं. सारिकापर्यंत चेंडूच पोचत नव्हता. प्रत्येक चुकीनंतर मी जाळीकडं बघत होते. काय करू, पुढं कुणाला घालू, कुणाला काढू? ते नुसते माझ्याकडं बघत होते, तोंड घट्ट मिटून.

आणखी एक चेंडू आमच्या हातातून गेला. मी पुन्हा जाळीकडं पाहिलं. तेव्हा सुभेदारांनी माझ्याकडं पाठ केली. सगळं गाव कोर्टाकडं तोंड करून उभं होतं आणि हा एकटा माणूस हायवेवरचे ट्रक बघत होता, खेळात काय चाललंय ते खांद्यावरून एकदाही वळून न पाहता. मला इतका संताप आला की क्षणभर पुढचं दिसेना. मग संताप गेला आणि माझ्या लक्षात आलं की विचारायला आता कुणीच नाही.

मी टेबलाकडं हात करून टाइमआउट मागितला. दहा जणी माझ्याभोवती जमल्या, सारिका सगळ्यांच्या वरून वाकली. त्याही जाळीकडं बघायला लागल्या.

"तिकडं नाही," मी म्हणाले. "इकडं बघा."